कुणी सतत मागे लागलं असेल तर: त्याच्या डोक्यात काय चालतं आणि तिचं काय होतं

मृदगंध (मूळ लेख)

३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी हिंगणघाटच्या नंदोरी चौकात, कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेच्या अंगावर पेट्रोल ओतून तिला पेटवलं. १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात ती गेली. करणारा ओळखीचाच, लग्न झालेला, आणि आधीपासून तिच्या मागे लागलेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. ज्यांना १९९० आठवतं त्यांना उल्हासनगरची रिंकू पाटीलही आठवली असेल. दहावीची परीक्षा चालू असताना, केंद्रात घुसून तिला जाळलं होतं.

अशा प्रत्येक घटनेनंतर मोर्चे निघतात, फाशीची मागणी होते, आणि बोलणं त्या शेवटच्या दिवसाभोवतीच फिरत राहतं. मी विदर्भातल्या कॉलेजांमध्ये समुपदेशनाचं काम करते. मला त्याआधीच्या महिन्यांबद्दल बोलायचंय. मागे लागणारे बहुतेक जण पेट्रोल घेऊन येत नाहीत. ते महिने मात्र प्रत्येकीच्या वाट्याला येतात, आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मिशेल पाथे आणि पॉल मुलन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९७ मध्ये पाठलागाला बळी पडलेल्या १०० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ३४ जणांवर शारीरिक किंवा लैंगिक हल्ला झाला होता. म्हणजे उरलेल्या दोन तृतीयांश लोकांवर असा हल्ला झालाच नव्हता. तरीही ८३ जणांची चिंता वाढलेली होती, ५५ जणांना त्या आठवणी नको असताना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत होत्या, ३७ जणांना पीटीएसडी या आघातानंतरच्या विकाराचे निकष लागू पडत होते आणि २४ जणांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. ५३ जणांचं काम किंवा शिक्षण कमी झालं किंवा सुटलं. ३९ जणांनी राहतं घर बदललं.

हात न लावता एवढं सगळं कसं होतं? मारहाण होते आणि संपते. वेळ लागतो, पण मन हळूहळू ते मागे टाकायला शिकतं. इथे संपतच नाही. आज तो एसटी स्टँडवर दिसला तर छातीत धडधड, आणि दिसला नाही तर 'मग आज कुठे उभा असेल?' हा विचार. तो नसण्यातही सुटका नाही. मुली मला सांगतात, ताई, अभ्यासाला बसते पण डोकं बाहेरच्या गाडीच्या आवाजाकडे असतं. झोप लागत नाही, पाळी पुढेमागे होते, जेवण जात नाही, मैत्रिणींवर चिडचिड होते. मार्क घसरले की घरचे म्हणतात, हिचं लक्ष नाही अभ्यासात.

शिवाय प्रत्येक प्रसंग सुटा पाहिला तर क्षुल्लक दिसतो. 'फक्त हाय म्हणाला ना?' 'रस्ता काय तुझ्या एकटीचा आहे?' 'स्टेटस बघितला म्हणून काय झालं?' तिच्या मनात हे सगळे प्रसंग जोडलेले असतात आणि ऐकणारा एकेक सुटा करून बाजूला ठेवतो. थोड्या दिवसांनी तिलाच वाटायला लागतं की आपणच फार मनाला लावून घेतोय.

आता जे सांगायला धागा काढला ते. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना विचारलं की घरी सांगितलंस का, तर बहुतेकींचं उत्तर एकच: सांगितलं तर कॉलेज बंद होईल. त्यांची भीती खोटी नसते. मोबाइल काढून घेतात, क्लास बंद करतात, मामाच्या गावी पाठवतात, स्थळं बघायला लागतात. आईबाप हे मुलीच्या काळजीनेच करतात, मला शंका नाही. पण तो जे करू पाहतोय, तिचं जग आवळत आणणं, ते आपण घरात बसून पूर्ण करून देतो. आणि त्यालाही हे ठाऊक असतं. 'तुझ्या घरी सांगीन' ही धमकी चालते ती त्यामुळेच.

तुमचे अनुभव, वेगळी मतं, सगळं लिहा. नावं, गावं, कॉलेजं मात्र लिहू नका.

शिशिर_पुणे

चांगला विषय. एक प्रामाणिक प्रश्न आहे. नकार मिळाल्यावर दुःख सगळ्यांनाच होतं. मलाही झालंय, महिनाभर जेवण गोड लागलं नव्हतं. पण बहुतेक जण सावरतात. मग हा एखादाच का सावरत नाही? वेडा असतो का? की सिनेमे बघून डोकं फिरलेलं असतं?

काटेसावर

लिहू की नको असं करत दोनदा खिडकी बंद केली. लिहितेच.

बारावीत होते. आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज होतं, तिथला मुलगा. आधी सायकलमागे गाडी, मग क्लासच्या बाहेर, मग रोज संध्याकाळी आमच्या दारासमोरून हॉर्न वाजवत फेऱ्या. त्याने मला कधी शिवीसुद्धा दिली नाही. मी आईला सांगितलं, आईने बाबांना. त्या रात्री घरात जो आवाज चढला तो माझ्यावर. तू हसली असशील. केस मोकळे कशाला सोडतेस. दुसऱ्या दिवसापासून क्लास बंद, परीक्षेला काका सोडायला आणि आणायला. मला इंजिनिअरिंगला पुण्याला जायचं होतं. गावातच बी.ए. केलं.

तो पुढे दुसरीकडे निघून गेला. लग्न झालं, मुलं आहेत म्हणे. मी आजही रस्त्यावर मागून गाडी हळू झाली की भिंतीला लागून उभी राहते. माझी मुलगी विचारते, आई थांबलीस का?

मृदगंध, 'जग आवळत आणणं' हे वाचलं आणि बराच वेळ पुढे वाचता आलं नाही. मला राग त्याचा येतोच, पण घरच्यांचा जास्त येतो. हे आजपर्यंत कुणापाशी बोलले नव्हते.

मृदगंध

काटेसावर, लिहिलंत ते फार मोलाचं आहे. मागून गाडी हळू झाली की शरीर थबकतं, याला इतकी वर्षं झाली तरी उपचार आहेत. आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा मानसशास्त्रज्ञांकडे जाऊन बघा. 'जुनं झालं, आता काय' असं मनात आलं तरी जा. आणि घरच्यांचा राग येणं अगदी समजण्यासारखं आहे. जिथे पाठीवर हात यायला हवा होता तिथून शिक्षा आली, ती जखम वेगळी असते.

शिशिर, सगळ्यांना एका मापाने मोजता येत नाही. मुलन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये असे १४५ पाठलाग करणारे तपासले आणि त्यांचे पाच गट मांडले. सगळ्यांत मोठा गट नातं तुटल्यावर मागे लागणाऱ्यांचा: जुना प्रियकर, घटस्फोटित नवरा. याला एकाच वेळी ती परतही हवी असते आणि तिला धडाही शिकवायचा असतो. पाठलाग चालू आहे तोवर नातं चालू आहे, असं त्याचं मन त्याला सांगतं. वेदना देणारं का होईना, पण नातं. म्हणून सोडवत नाही. प्रत्यक्ष हल्ल्याचा धोका याच्याकडून जास्त. पण हा भानावर असतो, नफानुकसान कळतं, त्यामुळे पोलीस आणि कायद्याचा धाक त्याच्यावर चालतो.

दुसरा गट खऱ्या अर्थाने भ्रमात असलेल्यांचा. 'तिचं माझ्यावर प्रेम आहे, फक्त ती बोलू शकत नाही.' फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञ द क्लेराँबो यांनी १९२१ मध्ये या भ्रमाचं सविस्तर वर्णन केलं. त्याला नकारसुद्धा होकाराची खूण वाटते. इथे वेडा हा शब्द नको, आजार म्हणा. कोर्टाचा कागद याच्यावर परिणाम करत नाही, औषधोपचार करतात.

तिसरा, ज्याला मुलीशी बोलायचं कसं हेच कळत नाही आणि तिने होकार दिलाच पाहिजे असं ज्याला वाटतं. आपल्या गल्लीबोळात हा भरपूर सापडतो. कुणी ठामपणे सुनावलं की बऱ्याचदा थांबतो, पण मग दुसऱ्या मुलीच्या मागे लागतो. उरलेले दोन म्हणजे सूड घेणारे, ज्यांना भीती घालण्यातच समाधान असतं, आणि लैंगिक हल्ल्याची तयारी म्हणून गुपचूप पाळत ठेवणारे. हे शेवटचे संख्येने थोडे, पण अतिशय धोकादायक.

नातं हवं म्हणून मागे लागणाऱ्यांमध्ये समान धागा शोधायचा तर तो हा: आपल्या सगळ्या आयुष्याचं सुख त्याने त्या एका व्यक्तीला जोडून टाकलेलं असतं. नोकरी नाही, मित्र नाहीत, घरात किंमत नाही, पण 'ती मिळाली की सगळं ठीक होईल'. मग तिचा नकार हा एका मुलीचा नकार राहत नाही, सगळं आयुष्यच नाकारल्यासारखं वाटतं. त्यात दिवसरात्र तेच तेच घोळवत बसणं. तुम्हाला महिनाभर जेवण गोड लागलं नाही, पण तुमच्याकडे बाकीचं आयुष्य होतं, ते तुम्हाला ओढून परत घेऊन गेलं.

सिनेमाने आजार होत नाही. पण नायिका 'नाही' म्हणते, नायक मागे लागतो आणि शेवटी ती हसते, हे शेकडो वेळा पाहिलेल्या मुलाला थांबायचं कुठे हे कुणीच शिकवलेलं नसतं. त्याचे मित्र तर 'लागून राहा' म्हणत असतात. मित्रांच्या या पाठबळाबद्दल आपण फार कमी बोलतो.

रांगडा_सातारी

एवढं मानसशास्त्र कशाला? माझ्या बहिणीच्या मागे एक जण लागला होता. आम्ही चार भाऊ गेलो, समजावलं आमच्या भाषेत. परत दिसला नाही. पोलीस, कोर्ट, समुपदेशन, यात वर्षं जातात.

मृदगंध

दादा, तुमच्या बहिणीचा त्रास थांबला याचा आनंदच आहे. तो बहुधा वर लिहिलेल्या तिसऱ्या गटातला असणार. पण पहिल्या गटातल्या किंवा सूड घेणाऱ्याला चौघांनी मिळून मारलं तर अपमानाचा हिशेब तो तिच्याशी चुकता करतो, कारण रस्त्यावर एकटी तीच सापडते. शिवाय गुन्हा तुमच्या चौघांवर दाखल होतो आणि मग 'दोन्ही बाजूंनी मिटवून घ्या' सुरू होतं. तो कोणत्या गटातला आहे हे आधी कळायला मार्ग नसतो. बहिणीसोबत चार भाऊ पोलीस ठाण्यात गेले तर त्याचाही दबाव पडतोच की.

वकिलीण_करवीर

कायद्याचं लिहिते, कारण ठाण्यात गेल्यावर हेच शब्द लागतात.

स्टॉकिंग, म्हणजे असा पाठलाग, हा स्वतंत्र गुन्हा २०१३ पासून आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्या. वर्मा समितीच्या अहवालातून कायदा बदलला आणि भारतीय दंड संहितेत कलम ३५४ड आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दाखवूनही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणं, संपर्क करणं किंवा करायचा प्रयत्न करणं, तसंच तिच्या इंटरनेट, ईमेल वगैरे वापरावर पाळत ठेवणं, हे सगळं यात येतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत. पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, दुसरा अजामीनपात्र. पहिल्याला लगेच जामीन मिळतो हे या कायद्याचं मोठं दुबळेपण आहे असं माझं ठाम मत आहे, कारण तक्रारीनंतरचे पहिले काही दिवस सर्वांत जोखमीचे असतात आणि नेमका तेव्हाच तो बाहेर असतो. सोबत दुसरी अजामीनपात्र कलमं लागली असतील तर जामिनाला विरोध करताना 'तिच्याशी, तिच्या घरच्यांशी संपर्क करू नये, कॉलेजच्या परिसरात येऊ नये' अशा अटी मागून घ्याव्यात.

गुन्हा दखलपात्र आहे. त्यामुळे 'एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून देतो' यावर परत येऊ नका, एफआयआर मागा. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये तसं लिहूनच ठेवलंय. ठाण्यात घेतलाच नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

अठराच्या आतलं मूल असेल, मुलगी असो वा मुलगा, तर लैंगिक हेतूने वारंवार पाठलाग किंवा संपर्क करणं पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम ११ मध्ये येतं. काटेसावर, हा कायदा २०१२ चा. तुमच्या वेळी बहुधा नव्हता.

टेम्सकाठ

इंग्लंडमध्ये राहतो, इथल्या एका विद्यापीठात विद्यार्थी कल्याण विभागात काम करतो. इथे आम्हाला एक साधी गोष्ट शिकवतात: नको असलेला संपर्क दोन आठवड्यांपुढे गेला की तो आपोआप थांबेल याची वाट बघू नका. हेही पर्सेल, पाथे आणि मुलन यांच्याच संशोधनातून आलंय. पंधरवड्याच्या आत बरेचसे प्रकार विरून जातात, त्यापुढे टिकले की महिनोन्‌महिने चालतात. 'दुर्लक्ष कर, कंटाळेल' हा सल्ला कधीपर्यंत ठीक आणि कधीनंतर घातक, याला निदान एक रेघ मिळते.

इथे आलेल्या भारतीय मुलींमध्ये एक वेगळी अडचण दिसते. त्रास देणारा आपल्याच मंडळातला, गणपतीला भेटणारा, एकाच घरात भाड्याने राहणारा असतो. तक्रार केली तर त्याचा व्हिसा जाईल, 'आपल्या माणसाचं' आयुष्य बरबाद होईल, असं बाकीचे तिला ऐकवतात. तिच्या व्हिसाचा, तिच्या परीक्षांचा विचार कुणी बोलून दाखवत नाही.

निळाई

'दुर्लक्ष' वरून आठवलं. पूर्ण दुर्लक्ष आणि अर्धवट दुर्लक्ष यात फार फरक आहे. वीस फोन उचलले नाहीत आणि एकविसावा वैतागून उचलून ओरडलात, तर तो एवढंच शिकतो की एकवीस वेळा केला की आवाज ऐकायला मिळतो. पुढच्या वेळी पन्नास करेल. म्हणून नकार एकदाच, लेखी, स्पष्ट, कारणं न देता. 'सध्या अभ्यास आहे', 'घरचे ऐकणार नाहीत' अशी कारणं दिली की तो कारणाशी भांडत बसतो. 'मला तुमच्याशी कुठलाही संपर्क नको आहे. यापुढे करू नका.' झालं. त्यानंतर एक अक्षरही नाही. वकीलताईंनी लिहिलेल्या 'स्पष्ट अनिच्छा'चा पुरावाही तोच.

नंबर लगेच ब्लॉक करावा की नाही यावर मतं वेगळी आहेत. मी एवढंच सांगेन की आधी सगळे स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि नंबर दिसेल असे, आणि विश्वासातल्या एका माणसाकडे पाठवून ठेवा. एक वही करा: तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोण सोबत होतं. मृदगंधनी लिहिलं की ऐकणारे प्रसंग सुटे करतात. वही समोर ठेवली की सुटे करता येत नाहीत.

त्याला तुमचा पत्ता कसा लागतो असं कोडं पडलं असेल तर व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघा, गूगल खात्यात कुठकुठली उपकरणं लॉग इन आहेत ते बघा, लोकेशन शेअरिंग कुणाला चालू आहे ते बघा. जुन्या प्रियकराने कधी काळी 'सेट करून दिलेला' फोन असेल तर हे नक्की करा. ब्लूटूथ ट्रॅकर बॅगेत किंवा गाडीत टाकलेला असू शकतो, आता अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असेल तर सूचना देतात, ती झटकून टाकू नका. ऑनलाइन छळ असेल तर सायबर क्राइम पोर्टल. तातडीचा धोका असेल तर ११२. १८१ ही महिला हेल्पलाइन.

एकला_पथिक

मी पुरुष आहे. ऑफिसमधल्या एका सहकारी स्त्रीने असाच छळ केला. बायकोला निनावी मेसेज, इमारतीखाली येऊन थांबणं, मी नाही म्हटलं की हात कापून घेतल्याचे फोटो. मित्रांना सांगितलं तर म्हणाले, नशीबवान आहेस लेका. पोलिसांकडे जायची हिंमतच झाली नाही. वर लिहिलेली सगळी लक्षणं, झोप, धडधड, गाडीचा आवाज, जशीच्या तशी.

वकिलीण_करवीर

पथिकदादा, कलम ७८ फक्त स्त्रियांसाठी आहे, हे खरं. पण धमकी, बदनामी, खोट्या नावाने खाती काढणं, यासाठी वेगळी कलमं आहेत आणि ती सगळ्यांना लागू होतात. पुरावे तसेच जपा. ते कलम स्त्रियांपुरतं का, यावर इथे भांडण नको. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येईन.

अनामिक_आई

मी दुसऱ्या बाजूची आहे. सगळं वाचलं. माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. त्याच्या वर्गातल्या मुलीशी मैत्री होती, तिने तोडली. आता तो रात्रभर फोन घेऊन बसतो, तिच्या हॉस्टेलसमोर जातो हे त्याच्या मित्राकडून कळलं. विचारलं तर म्हणतो, तिच्याशिवाय मरेन. यांना सांगितलं तर हे त्याला मारतील. माझ्या मनात होतं की त्या मुलीच्या आईला भेटून हात जोडावे, निदान एकदा त्याच्याशी नीट बोलायला सांगावं. काय करू?

काटेसावर

काकू, तुम्ही हे लिहिलंत, याने मला खूप बरं वाटलं. त्या गॅरेजवाल्याच्या घरीही कुणीतरी असणारच होतं. पण तिला त्याच्याशी बोलायला सांगू नका. हात जोडते.

मृदगंध

काकू, त्या घरी जाऊ नका, आणि 'एकदाच बोल' असा निरोप कुणाकरवीही पाठवू नका. तुमच्यासाठी ते शेवटचं बोलणं असेल, त्याच्यासाठी ती नवी सुरुवात ठरेल. मुलीच्या घरी तर तुमच्या जाण्यानेच तिचं कॉलेज बंद व्हायची वेळ येऊ शकते.

'मरेन' हे खरं समजा. धमकी आहे की खरी इच्छा, याचा निर्णय तुम्ही घरी करू नका. उद्याच त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, जिल्हा रुग्णालयात सोय असते. रात्री-अपरात्री वाटलं तर १४४१६, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. तो येत नसेल तर तुम्ही एकट्या जाऊन आधी डॉक्टरांशी बोला. घरात कीटकनाशक, जास्तीच्या गोळ्या असतील तर हलवा. त्याचा जीव वाचवायची जबाबदारी घरच्यांची आणि डॉक्टरांची आहे, त्या मुलीची नाही. हे त्यालाही याच शब्दांत सांगा, चिडून नव्हे.

त्याच्या वडिलांना सांगावंच लागेल. मारतील ही भीती असेल तर एखाद्या मामा-काकांना, ज्याचं ते ऐकतात, सोबत बसवा. मारलं तर तो तुमच्यापासून लपवेल, एवढंच होईल. ज्या मित्राने तुम्हाला सांगितलं त्याला धरून ठेवा, तो या मुलाच्या आयुष्यातला सर्वांत उपयोगी माणूस आहे. हॉस्टेलकडे जायची संध्याकाळची वेळ असेल तर त्या वेळेला त्याला दुसरीकडे गुंतवता येईल का बघा: क्रिकेट, जिम, दुकानावर बसणं, काहीही. आणि घरात कुणीही, आजीनेसुद्धा, 'ती मुलगीच तसली' असं त्याच्यासमोर म्हणू नये. ते वाक्य त्याला औषध वाटतं आणि त्याने आग वाढते.

तिने किंवा तिच्या हॉस्टेलने तक्रार केली तर ती मागे घ्यायला लावू नका. मला व्यक्तिगत निरोप पाठवा, तुमच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांची नावं देते.